घरातला चोर-अलार्म चुकीचा बसवलाय, दुरुस्ती कुठून सुरू करू?

कडीकोयंडा

घरात वायर्ड अलार्म आधीपासून बसवलेला आहे. आठ झोनचं (म्हणजे सेन्सरच्या आठ वेगळ्या सर्किटांचं) पॅनल, दोन कीपॅड, तीन पीआयआर (हालचाल टिपणारे सेन्सर), दारं-खिडक्यांना चुंबकी स्विच आणि बाहेर सायरन. सेन्सर ठीकठाक कंपनीचे वाटतात, पण बसवणाऱ्याने काम उरकलेलं दिसतंय.

त्रास असा: दुपारी आणि रात्री उगाच वाजतो. कीपॅडवर बॅटरीचा ट्रबल कायम. सायरन वाजतो तेव्हा आवाज केविलवाणा. आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे झोन ५ ची खिडकी सताड उघडी असली तरी कीपॅड ‘रेडी’ दाखवतो.

पॅनल उघडून पाहिलं. मॅन्युअलमध्ये ५.६ किलोओहमचा एंड-ऑफ-लाइन (झोनच्या तारेच्या शेवटी लावायचा) रेझिस्टर सांगितलाय, तो प्रत्येक झोनला आहे, पण सगळे पॅनलच्या टर्मिनलमध्येच खुपसलेत. वायरींचे जोड पिळून वर टेप. दोन पीआयआर एकाच झोनवर. झोन ७ ची केबल थोडं अंतर मेन्सच्या पाइपातून गेलीय. इन्स्टॉलर कोड माझ्याकडे आहे, मल्टीमीटर वापरता येतो. कोणत्या क्रमाने हात घालू?

ओहमकार

क्रम विचारलात ते बरं केलंत. बहुतेक जण आधी पीआयआर बदलतात, मग त्याची सेन्सिटिव्हिटी कमी करतात आणि खरा दोष जोडात तसाच राहतो.

स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी इव्हेंट लॉग वाचा. कोणता झोन, किती वाजता, हे कागदावर उतरवून घ्या. एकच झोन रोज दुपारच्या ठरावीक तासात येत असेल तर ऊन किंवा उष्णतेचा मामला. वेळेचा काही मेळ नसेल तर सैल जोड. मेन्स जाण्या-येण्याच्या नोंदीला चिकटून अलार्मची नोंद असेल तर बॅटरी किंवा पॉवर सप्लाय. निम्मं निदान तिथेच होतं.

मग इन्स्टॉलर मोडमध्ये जा. अलार्मवर दुरून नजर ठेवणारी मॉनिटरिंग कंपनी असेल तर तिला आधी कळवून टेस्टवर टाकायला सांगा. मेन्स बंद, त्यानंतर बॅटरीची तार काढा. बाहेरच्या सायरनला स्वतःची बॅटरी असेल तर पॅनलची पॉवर गेल्याबरोबर तो बोंब मारेल, म्हणून सायरन आधी त्याच्या मॅन्युअलप्रमाणे शांत करून घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या मेन्स बाजूला हात लावायचा नाही. टर्मिनलचे फोटो काढा, प्रत्येक केबलला झोन नंबरची चिठ्ठी बांधा आणि मगच वायरी सोडवा.

आता रेझिस्टरचं. हा तुमच्या घरातला मुख्य दोष आहे, भले त्यामुळे अलार्म उगाच वाजत नसेल. पॅनलला झोनवर तीन अवस्था ओळखता यायला हव्यात: ५.६ किलोओहम म्हणजे सगळं ठीक, अनंत म्हणजे स्विच उघडला किंवा तार तुटली, शून्य म्हणजे कुठेतरी शॉर्ट. रेझिस्टर शेवटच्या स्विचपाशी असेल तरच हा हिशेब जमतो. तो पॅनलमध्ये बसवला की वाटेत दोन तारा एकमेकींना टेकल्या, खिळा घुसला, उंदराने कुरतडल्या किंवा कोणी मुद्दाम जोडल्या, तरी पॅनलला ५.६ किलोओहमच दिसतो. झोन आंधळा आणि कीपॅड म्हणतो ‘रेडी’. तुमच्या झोन ५ चं असंच काहीतरी झालेलं असणार.

मोजणी अशी करा: झोनच्या दोन्ही तारा टर्मिनलमधून पूर्ण काढा (एक जरी आत राहिली तरी सर्किट बोर्डातून भलतंच रीडिंग येतं), रेझिस्टर बाजूला ठेवा, दार बंद असताना आणि उघडं असताना ओहम लिहा. मीटरची टोकं एकमेकांना लावून जे रीडिंग येतं ते वजा करा. पीआयआरच्या झोनला एक मेख आहे. पीआयआरची पॉवर गेली की त्याचा अलार्म रिले उघडतो, त्यामुळे पॅनल बंद असताना तिथे अनंतच येणार. तो दोष समजू नका. पीआयआरपाशी अलार्मच्या दोन टर्मिनलांवर तात्पुरता तुकडा जोडून मग पॅनलपाशी मोजा.

नवेकोरे

एवढा खटाटोप कशाला? वायर्ड काढून टाका, वायरलेस किट लावा. दुपारभरात काम होतं.

तांब्याची_तार

वायरलेसने रेझिस्टरचा प्रश्न सुटेल, चुकीच्या जागी लावलेला पीआयआर वायरलेस झाला तरी चुकीच्याच जागी राहील. शिवाय दर सेन्सरमागे एक बॅटरी बदलत बसा. भिंतीत केबल आधीच आहे, ती धड असेल तर फेकण्यात अर्थ नाही. एखाद्या झोनची केबल आतल्या आत मेली असेल तर तेवढ्यापुरता वायरलेस ट्रान्समीटर ठीक, आणि तोही पॅनलला तशी सोय असेल तरच.

कडीकोयंडा, जोडांबद्दल. पिळून टेप लावलेला जोड सुरुवातीला छान चालतो. मग टेपचा गोंद सुटतो, तांब्यावर काळपट थर येतो आणि गारठा पडला की तार किंचित आकसून संपर्क तुटतो. रात्रीच वाजण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. असे सगळे जोड कापून टाका. एकतर सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह, नाहीतर जेल भरलेले क्रिम्प कनेक्टर. सोल्डर करायचं तर स्लीव्ह आधी तारेत ओवा, नंतर आठवून उपयोग नसतो. जोड जमिनीखाली किंवा छतात गडप करू नका, छोट्या जंक्शन बॉक्समध्ये ठेवा.

रेझिस्टर सेन्सरपाशी नेताना त्याचे पाय अर्ध्यातून दुमडून घ्या. पाय फार बारीक असतो. जाड तारेबरोबर एकाच स्क्रूखाली घातला की स्क्रू तारेवर आवळला जातो आणि पाय मोकळाच राहतो. उघड्या पायांवर स्लीव्ह हवीच, नाहीतर सेन्सरच्या झाकणाखाली दोन्ही पाय टेकून शॉर्ट होतात. ५.६ किलोओहमचे पट्टे हिरवा, निळा, लाल. बसवण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर बघा. ५६० ओहमचा आणि ५.६ किलोओहमचा फरक फक्त तिसऱ्या पट्ट्यात असतो, ५६० ला तो तपकिरी असतो. अंधाऱ्या कोपऱ्यात हमखास गल्लत होते.

किती ओहम योग्य, याचा अंदाज केबलवरून करा. अलार्मची नेहमीची केबल ०.२२ चौरस मिलिमीटरची असते. तिच्या एका कोरला (आतल्या एका तारेला) मीटरमागे सुमारे ०.०७८ ओहम, म्हणजे जाऊन-येऊन ०.१५६. वीस मीटरच्या झोनला दार बंद असताना तीन-साडेतीन ओहम यायला हवेत. तीस-चाळीस आले तर वाटेत वाईट जोड आहे. मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला जोड एकेक करून हलवायला सांगा. आकडा नाचला की सापडला.

केबल तांब्याची आहे ना, तेही बघून घ्या. तार चाकूने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, रेझिस्टन्स दीडपटीच्या वर आणि स्क्रूखाली दोनदा वाकवलं की तुकडा पडतो. कथिलाचा मुलामा दिलेलं तांबंही वरून चंदेरी दिसतं, म्हणून खोलवर खरवडा.

मेन्सच्या पाइपातली केबल तर आधी बाहेर काढा, हा नुसत्या आवाजाचा प्रश्न नाही. मेन्सच्या तारेचं आवरण घासलं गेलं तर कीपॅडच्या बटणांपर्यंत करंट पोहोचू शकतो. मेन स्विच बंद करून केबल ओढून घ्या आणि मेन्सच्या तारेवर ओरखडा दिसला तर तो भाग इलेक्ट्रिशियनला दाखवा. नवी केबल मेन्सपासून फूटभर लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

बॅटरी आणि सायरनचे आकडे द्या, मग त्यावर बोलू. चार्जरचं व्होल्टेज (बॅटरी काढून), बॅटरी तासभर मोकळी ठेवून, आणि मेन्स बंद करून सायरन वाजत असताना. सायरनसाठी पॅनलपाशी आणि सायरनपाशी, दोन्हीकडे.

कडीकोयंडा

मोजलं. टोकांचे ०.३ ओहम वजा केलेत.

झोन १ आणि ४: बंद असताना २.५ ते ३.५, उघडल्यावर अनंत.
झोन ३: बंद असताना ४८, आणि आकडा नाचतो.
झोन ५: उघडी किंवा बंद, दोन्ही वेळा ०.९. पॅनलपासून खिडकीपर्यंत केबल साधारण १६ मीटर.
झोन ७: बंद असताना ३.१, उघडल्यावर अनंत नाही, १५ किलोओहमच्या आसपास.
झोन २ (दोन्ही पीआयआर): तुकडा जोडून ७ ओहम. झोन ६ (तिसरा पीआयआर): तुकडा जोडून ३ ओहम.
झोन ८ रिकामा आहे.

चार्जर १३.७ व्होल्ट. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास), मोकळी १२.३, मेन्स बंद करून सायरन लावला तर १०.१. सायरन मेन्सवर वाजवला तेव्हा पॅनलपाशी १२.४, सायरनपाशी ८.१. तिथपर्यंत केबल २८ मीटर, तीच ०.२२ ची.

लॉगमध्ये दुपारचे सगळे अलार्म झोन २ चे. रात्रीचे झोन ३ चे.

ओहमकार

झोन ५ मध्ये तुमचा आकडाच बोलतोय. १६ मीटर केबलच्या टोकाला स्विच अडकून बसला असता तर अडीच ओहम आले असते. ०.९ भागिले ०.१५६, म्हणजे शॉर्ट पॅनलपासून सहा मीटरच्या आसपास आहे, खिडकीत नाही. साधा मीटर इतक्या कमी ओहमला मीटर-दीड मीटर इकडेतिकडे चुकतो, पण शोधायचं कुठे ते कळलं. त्या अंतरावर एखादा जोड असणारच. खिडकीचा स्विच लागत नव्हता म्हणून दोन्ही तारा तिथेच एकत्र पिळून ‘झोन चालू’ करून दिलेला असण्याची दाट शक्यता. जोड सोडवून पुढचा तुकडा वेगळा मोजा. तोही तुटलेला निघाला तर ती केबल नवी टाकावी लागेल.

झोन ३: ४८ ओहममुळे अलार्म होत नाही, ५.६ किलोओहमपुढे ते काहीच नाहीत. पण आज ४८ दाखवणारा जोड रात्री क्षणभर अनंत होतो आणि पॅनलला तेवढं पुरतं. तांब्याची_तार यांनी सांगितलेला प्रकार. कोणी सुचवेल की झोनचा रिस्पॉन्स टाइम वाढवा, म्हणजे क्षणिक तुटणं पॅनल दुर्लक्षित करेल. तसं करू नका, जोड सुधारा.

झोन ७: स्विच उघडा असताना १५ किलोओहम म्हणजे दोन तारांमध्ये गळती आहे. ओलावा किंवा सोललेलं आवरण. आत्ता रेझिस्टर पॅनलमध्ये आहे म्हणून हे लपून राहिलं. रेझिस्टर खिडकीपाशी नेला की ५.६ ला समांतर १५ येतील आणि खिडकी बंद असताना झोन ४.१ किलोओहमच्या आसपास दाखवेल. म्हणजे तुम्ही काम बरोबर कराल आणि झोन तेव्हापासून कुरकुरायला लागेल! मेन्सच्या पाइपातली तीच केबल ना? ती दुरुस्त करत बसू नका, बदलून टाका.

झोन २ मधले दोन पीआयआर वेगळे करा, झोन ८ रिकामा आहेच. मग लॉगमध्ये नेमका कोण वाजला ते दिसेल.

केबलमध्ये फक्त चार कोर असतील तर डबल एंड-ऑफ-लाइन करून टॅम्परही (सेन्सरशी छेडछाड झाल्याचा इशारा) मिळवता येतो. ५.६ किलोओहमचा एक रेझिस्टर अलार्मच्या दोन टर्मिनलांवर आडवा, दुसरा टॅम्पर स्विचबरोबर ओळीत. ठीक असेल तेव्हा ५.६, अलार्मला ११.२, झाकण उघडलं किंवा तार कापली तर अनंत, शॉर्ट झाली तर शून्य. मात्र ही निवड प्रोग्रॅमिंगमध्येही करावी लागते आणि काही पॅनलमध्ये ती एकदम सगळ्या झोनला लागू होते. मॅन्युअल बघा. अर्ध्या झोनना एक रेझिस्टर आणि अर्ध्यांना दोन, अशी खिचडी झाली की पुन्हा गोंधळ.

तांब्याची_तार

बॅटरी गेली. पूर्ण भरलेली लेड-अॅसिड बॅटरी मोकळी ठेवल्यावर १२.७ च्या पुढे असते आणि सायरनच्या भाराला १२ च्या खाली यायला नको. १०.१ ला पॅनल रीसेटही होऊ शकतं, म्हणजे मेन्स गेली असताना चोर आला तर सायरन सुरू होऊन पॅनलच झोपायचं. चार्जर १३.७ देतोय, म्हणजे तो ठीक. तेवढीच, ७ एएच ची नवी लावा आणि वर मार्करने तारीख लिहा. अशा बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं चालतात. मोठी लावायचा मोह टाळा. छोट्या पॅनलचा चार्जर तिला भरता भरता दमतो.

हिशेब: पॅनल ११० मिलिअँपिअर, दोन कीपॅड १००, तीन पीआयआर ४५. एकूण २५५ धरा (तुमचे खरे आकडे मॅन्युअलमधून घ्या). ७ एएच ला कागदावर २७ तास निघतात, प्रत्यक्षात २० धरून चाला.

सायरनला ४.३ व्होल्ट वाटेतच खर्च होतायत. २८ मीटर जाऊन-येऊन ५६, गुणिले ०.०७८ म्हणजे ४.४ ओहम, आणि सायरन घेतो एक अँपिअरच्या आसपास. हिशेब तंतोतंत जुळतोय, म्हणजे सायरन चांगला आहे, केबल बारीक आहे. ०.७५ चौरस मिलिमीटरची दोन कोर टाका, घट १.३ व्होल्टवर येईल. नवी केबल टाकणं शक्य नसेल आणि जुनीत कोर शिल्लक असतील तर पॉझिटिव्हला दोन, निगेटिव्हला दोन अशा जोडा, घट निम्मी होते.

कोपऱ्यातला_डोळा

दुपारच्या अलार्मबद्दल. झोन २ मधला एखादा पीआयआर खिडकीकडे तोंड करून असणार, किंवा दुपारी त्याच्यासमोरच्या फरशीवर उन्हाचा पट्टा येत असणार. पीआयआरला माणूस दिसत नाही, त्याला त्याच्या पट्ट्यांमधून सरकणारा तापमानातला फरक दिसतो. पडदा हलला, ऊन-सावली झाली, एसीचा झोत आला, सगळं त्याला सारखंच.

जागा: खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून २.१ ते २.४ मीटर, खिडकी पाठीशी किंवा बाजूला येईल असा. आत येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जायला हवा. सरळ त्याच्याच दिशेने चालत येणारा उशिरा पकडला जातो.

एक गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही. पीआयआर उतरवून मागे भिंतीतलं केबलचं भोक बघा. त्या भोकातून वाऱ्याची बारीक झुळूक थेट सेन्सरच्या मागे येते आणि मुंग्या, कोळी त्याच वाटेने आत शिरतात. लेन्सच्या आत फिरणारा कोळी म्हणजे पीआयआरच्या दृष्टीने खोलीभर फिरणारा राक्षस. भोक आणि केसमधली केबलची खाच, दोन्ही सिलिकॉनने बंद करा. लेन्सला किंवा आतल्या सेन्सरला सिलिकॉनचा हात लागू देऊ नका.

पल्स काउंट (किती वेळा हालचाल दिसली की अलार्म द्यायचा, ते सेटिंग) एकवर असेल तर दोनवर न्या, पण जागा सुधारल्यानंतर. खोलीचं तापमान ३५-३६ अंशांवर गेलं की माणूस आणि भिंत यांच्यातला फरकच उरत नाही, तेव्हा काउंट वाढवलेला पीआयआर माणसालाही सोडून देतो. म्हणून वॉक टेस्ट उकाड्याच्या वेळी घ्या. पॉवर दिल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, मग नेहमीच्या चालीने आणि एकदा अगदी हळू, दोन्ही तऱ्हांनी चालून बघा. झालं की पीआयआरचा दिवा बंद करा, कोण कुठून दिसतो ते इतरांना कळायला नको.

चुंबकी स्विच कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात हवेत, बिजागरीजवळ नकोत. डब्यावर २० मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी अंतर ५ ते ८ ठेवा. लाकूड ओलाव्याने फुगतं, बिजागरी खाली बसते, आणि काठावर बसवलेला स्विच वाऱ्याने दार हललं तरी सुटतो. लोखंडी दार चुंबकाचं बळ खातं, तिथे खाली प्लॅस्टिकची जाड पट्टी द्या किंवा लोखंडी दाराचाच स्विच घ्या.

रेडी_नाही

वायरिंग झाल्यावर प्रोग्रॅमिंग एकदा नजरेखालून घाला. घाईत काम उरकणारे सगळ्या झोनना ‘डिले’ लावून मोकळे होतात. मग खिडकी फोडून आलेल्यालाही तीस सेकंद मिळतात. पुढचं दार एंट्री-एक्झिट, दारापासून कीपॅडपर्यंतच्या वाटेवरचा पीआयआर फॉलोअर (दार उघडलं तरच थांबतो, नाहीतर लगेच वाजतो), खिडक्या इन्स्टंट, टॅम्पर चोवीस तास. घरी झोपलेले असताना आतले पीआयआर आपोआप बायपास होतात ना, ते ‘स्टे’ मोडमध्ये तपासा. सायरन किती मिनिटांनी थांबतो ते बघा. आणि इन्स्टॉलर कोड अजून कारखान्याचाच असेल तर आजच बदला, तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो.

कडीकोयंडा

लागतो कामाला. शेवटचं एक: सायरनच्या टॅम्परच्या दोन तारा सायरनच्या डब्यात नुसत्याच लोंबतायत. जोडल्यावर अख्खी गल्ली न उठवता तपासायचं कसं?

ओहमकार

सायरनचे झाकण आणि भिंत असे दोन टॅम्पर असतील तर दोन्ही ओळीत जोडा, रेझिस्टर सायरनच्या डब्यात. पॅनलवर एकही टॅम्पर टर्मिनल नसेल आणि झोन उरला नसेल तर जवळच्या खिडकीच्या झोनमध्ये घालू नका, दिवसा डिसआर्म असताना तो काम करणार नाही. चोवीस तासवाला झोनच हवा. त्यासाठी झोन ३ आणि ४ च्या खिडक्या ओळीत एका झोनवर घेता येतील.

तपासताना पॅनलपाशी सायरनची पॉझिटिव्ह तार काढून तिच्या टर्मिनलवर व्होल्टमीटर लावा. सायरनला स्वतःची बॅटरी असेल तर ती आधी काढा. काही पॅनल सायरनची तार तुटल्याचा ट्रबल दाखवतात, तेव्हा त्या दोन टर्मिनलांवर १ किलोओहमचा रेझिस्टर तात्पुरता ठेवा. कोणाला तरी सायरनचं झाकण सैल करायला सांगा. मीटर १२-१३ वर उडी मारेल, कीपॅडवर टॅम्पर येईल, आवाज शून्य. मग कोड टाकून बंद करा, रेझिस्टर काढा, तार परत लावा आणि खरा सायरन दोन सेकंद वाजवून बघा, तोही शेजाऱ्यांना सांगून.